दूध फरकाची शीट : वसुबारसेपर्यंतच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

आजपासून फरकाचं काम हातात घेतलं. आमची महिलांची दूध संस्था, कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातली. २१४ खाती, म्हैस आणि गाय दोन्हीचं संकलन. वर्षभर दहा-दहा दिवसांची बिलं निघतात आणि वर्षाचा नफा ठरला की दिवाळीच्या आधी लिटरमागे फरक, म्हणजे बिलावर वरून द्यायची रक्कम, वाटतो. बाईच्या हातात घरखर्चातून न मागता येणारा एकरकमी पैसा तेवढाच. कुणी त्यात मुलीची फी भरतं, कुणी रेडकू घेतं. म्हणून हे पत्रक चुकलेलं मला चालत नाही.

गेल्या वर्षी मी हे तेरा रात्री बसून केलं. संध्याकाळचं संकलन उरकून नऊला बसायचं, साडेअकराला उठायचं. एकेका खात्याची बिलं उघडायची, लिटर टिपायचे, बेरीज मारायची. तरी शेवटी ४१२ लिटरचा मेळ लागला नाही आणि आणखी दोन रात्री गेल्या.

या वेळी एआयची मदत घेऊन बघायचं ठरवलं. पुण्यातला पुतण्या गणपतीला आला होता, त्यानं लॅपटॉपवर खातं उघडून दिलं. मराठीत बोललं तरी चालतं म्हणाला. मुदत वसुबारस, १७ ऑक्टोबर. त्या दिवशी गाय-वासराची पूजा असते, त्याच दिवशी पैसे खात्यावर पडावेत अशी अध्यक्षा आक्कांची इच्छा आहे.

एक गोष्ट आधीच ठरवली. नाव, बँक खातं, आधार, मोबाइल यातलं काहीही एआयला द्यायचं नाही. कोड नंबर, तारीख, पाळी (सकाळ की संध्याकाळ), प्रकार (म्हैस की गाय), लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), एवढंच.

१० सप्टेंबर, बुधवार

संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ अशी अख्ख्या वर्षाची फाइल काढली. नावांचा कॉलम उडवला आणि फाइल एआयला देऊन सांगितलं, खातेवार लिटर काढ, महिन्यावार संकलन काढ. दीड मिनिटात दोन्ही समोर. खाली आलेख, आलेखाखाली मराठीत चार ओळी. त्यात लिहिलेलं, ‘ऑक्टोबरच्या मध्यापासून संकलनात तीव्र घट झाली असून नोव्हेंबरपासून पुरवठा थांबलेला दिसतो.’

इथंच थांबले. आमच्याकडं दिवाळीनंतर म्हशी व्यालेल्या असतात, ओला चारा असतो. नोव्हेंबर ते जानेवारी कॅन पुरत नाहीत. पुरवठा थांबला म्हणजे काय?

फाइलच्या तळाला गेले. शेवटची ओळ ६५,५३६. तारीख २० ऑक्टोबर २०२४, संध्याकाळची पाळी, तीही मध्येच तुटलेली. आकडा पुतण्याला फोनवर सांगताच तो म्हणाला, ‘काकी, ही जुन्या प्रकारची एक्सेल फाइल आहे. तिच्यात एवढ्याच ओळी मावतात. नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात.’ आमचं सॉफ्टवेअर अजून जुन्याच प्रकारात फाइल काढतं, आणि जागा संपली की गपचूप थांबतं. सूचनाही देत नाही. २०२० मध्ये इंग्लंडात याच मर्यादेमुळं करोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेत यादीत आले नव्हते, हेही त्यानंच सांगितलं. तिथं माणसं आजारी होती. आमचं निदान दूध आहे. पण ते दूध कुणीतरी धार काढून आणलेलं आहे.

फाइल पूर्ण आहे का ते एआयनं तपासलं नाही, उलट तुटलेल्या आकड्यांना स्वतःच कारण जोडून दिलं. ‘पुरवठा थांबला’ हे वाक्य वाचायला इतकं ठाम होतं की मी इथली नसते तर पुढं गेले असते.

आजपासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं : ताळेबंदातलं संकलन ३,७१,८४६.५ लिटर. म्हैस २,१८,४०२.०, गाय १,५३,४४४.५. काहीही काढलं की आधी या आकड्याशी लावायचं.

११ सप्टेंबर, गुरुवार

फाइल दोन तुकड्यांत काढली. एप्रिल ते सप्टेंबर ५९,०३८ ओळी, ऑक्टोबर ते मार्च ६०,०७१. नव्या प्रकारच्या फाइलमध्ये एकाखाली एक लावल्या. मिळून १,१९,१०९.

आणि आज कामाची पद्धत बदलली. काल मी एआयकडं उत्तर मागितलं होतं. उत्तर कुठून आलं ते दिसत नाही, उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू? आज उत्तर न मागता फॉर्म्युला मागितला. फॉर्म्युला माझ्या शीटमध्ये राहतो, त्यावर बोट ठेवता येतं, पुढच्या वर्षीही चालतो. शिवाय पूर्ण फाइल द्यावीच लागत नाही, दहा ओळींचा नमुना पुरतो.

पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘खातेवार बेरीज करून दे.’ त्यावर भलताच लांब फॉर्म्युला आला, त्यात एक्सलुकअप, आणि शीटवर टाकला तर नाव ओळखत नाही अशी चूक. आमच्या लॅपटॉपवर एक्सेल २०१६ आहे, त्यात ते फंक्शनच नाही. मग असं लिहिलं :

‘माझ्याकडं एक्सेल २०१६ आहे. त्याच्यापुढची फंक्शन वापरू नकोस. शीटचं नाव नोंदी. कॉलम या क्रमानं : कोड, तारीख, पाळी, प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ. ओळी १,२०,००० च्या आसपास. लॅपटॉप जुना आहे. मला प्रत्येक कोडचं म्हशीचं आणि गाईचं लिटर वेगवेगळं हवं. उत्तर काढू नकोस, पद्धत सांग. ती का निवडली ते दोन वाक्यांत सांग.’

आता उत्तर उपयोगाचं आलं. एवढ्या ओळींवर २१४ खात्यांसाठी समइफ्स (अटीप्रमाणं बेरीज करणारं फंक्शन) लावलं तर जुना लॅपटॉप अडखळेल, पिव्हट टेबल (एक्सेल स्वतःच गटवार बेरजेचा तक्ता मांडतं ते) लाव. कोड ओळीत, प्रकार कॉलममध्ये, लिटरची बेरीज आत. कुठल्या मेनूत जायचं तेही क्रमानं. मी पिव्हटचं नाव दहा वर्षं ऐकत होते, कधी हात लावला नव्हता. पाच मिनिटांत २१४ खाती समोर. गेल्या वर्षीच्या सात रात्री या पाच मिनिटांत होत्या.

पुतण्याच्या ऑफिसात एक्सेलच्या आतच एआय आहे म्हणे. गेल्या महिन्यात कोपायलट नावाचं फंक्शन चाचणीसाठी आलं, खान्यात साध्या भाषेत सांगायचं आणि उत्तर खान्यातच येतं. पण आकडेमोडीसाठी ते वापरू नका, नेहमीचे फॉर्म्युले वापरा, असं मायक्रोसॉफ्टनं स्वतःच लिहून ठेवलंय. ऐकून बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

वार्षिक सभा झाली. ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ठराव लिहून घेतला, कारण शीटचा नियम तोच :

म्हैस दुधाला लिटरला ३ रुपये, गाईला १ रुपया ६० पैसे. वर्षात १५० दिवसांपेक्षा कमी दूध घातलेल्यांना निम्मा. पूर्ण फरक मिळणाऱ्या ज्या खात्याच्या म्हैस दुधाची वर्षाची सरासरी फॅट ६.५ आणि एसएनएफ ९.० किंवा जास्त, त्याला लिटरला २५ पैसे जादा. तरतूद ९ लाख १० हजार.

जादाचा नियम यंदा नवीन. टाळ्या पडल्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बेरीज लागत नाही.

गेल्या वर्षी २५ ते २८ जुलैला पावसानं लाइट गेली होती. मशीन बंद, चार दिवस काट्यावर माप, हातानं फॅट, रजिस्टरवर नोंद. त्या वेळची बिलंही हातानंच काढली, त्यामुळं सॉफ्टवेअरमध्ये ते चार दिवस नाहीतच. आमच्या सुप्रियानं दोन दिवस बसून रजिस्टर टाइप केलं, १,३०९ ओळी. जोडल्यावर एकूण १,२०,४१८ ओळी झाल्या. लिटर मात्र ३,६९,९८९. ताळेबंदापेक्षा १,८५७.५ कमी.

तासभर रजिस्टर आणि शीट शेजारी ठेवून बसले. सगळं जसंच्या तसं दिसत होतं. मग एआयला चार दिवसांतल्या वीस ओळी दिल्या आणि विचारलं, बेरीज कमी का येते? त्यानं विचारलं, ‘काही आकडे खान्यात डावीकडे आणि काही उजवीकडे दिसतात का?’

बघितलं. खरंच. काही उजवीकडं टेकलेले, काही डावीकडं. डावीकडचे सगळे मराठी अंक. सुप्रियानं अर्ध्या पाळ्या मराठी कीबोर्डवर टाइप केल्या होत्या. आपण ‘३.५’ वाचतो, एक्सेल त्याला अक्षर समजतं आणि बेरीज करताना वगळतं. चूक दाखवत नाही, लाल करत नाही. ६०४ ओळींचं दूध अशा रीतीनं शीटमध्ये असून नव्हतं.

आपल्या भाषेत हिशोब ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेत, पतपेढीत, शाळेत हे होत असणार. मराठी अंकात लिहू नका असं मी म्हणणार नाही. रजिस्टर मराठीतच राहील. पण शीटवर आकडा आकडा आहे की अक्षर, हे बघायची सवय लावायला हवी.

फॉर्म्युला मिळाला : सबस्टिट्यूट आत सबस्टिट्यूट अशा दहा घड्या, प्रत्येक घडीत एक मराठी अंक बदलायचा, शेवटी सगळं व्हॅल्यूमध्ये घालायचं. हातानं लिहायला गेले असते तर कंस मोजतानाच रात्र सरली असती. नव्या कॉलमात ओढला. १,८३९.५ लिटर परत आलं.

१८ लिटर अजून कमी.

१७ सप्टेंबर, बुधवार

ते १८ लिटर सापडलं, आणि ते सापडल्याचा मला फार आनंद आहे.

त्या चार दिवसांतल्या दोन पाळ्यांना रजिस्टरवर आमचे जुने टेस्टर मामा बसले होते. वय सत्तरच्या पुढं. ते अडीच लिटरला २.५ लिहीत नाहीत, २॥ लिहितात. सव्वादोनला २। आणि पावणेतीनला २॥।. त्यांच्या शाळेत तसंच शिकवलं होतं. सुप्रियानं समोर दिसेल तसं टाइप केलं. फॉर्म्युला अडला तेव्हा कालच मी एआयला म्हटलं होतं, आकड्यामागं काही चिन्हं आहेत ती काढ. त्यानं या उभ्या रेघा, म्हणजे दंड, विरामचिन्ह समजून सगळे पुसले. अडीचचे दोन झाले, पावणेतीनचेही दोन.

३७ ओळी होत्या. एकवीस ठिकाणी ॥, नऊ ठिकाणी ।, सात ठिकाणी ॥।. साडेदहा, सव्वादोन आणि सव्वापाच. बरोबर अठरा.

आज त्याला नीट समजावलं : एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. मग त्यानं स्वतःहून सांगितलं की आधी तीन दंड बदल, मग दोन, मग एक, नाहीतर तीनातले दोन आधी अर्ध्यात जातील आणि एक मागं लोंबकळेल. हे मला सुचलं नसतं. म्हणजे रीत मी सांगितली, क्रम त्यानं सांगितला.

एकूण ३,७१,८४६.५. ताळेबंदाला लिटर न् लिटर लागलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग त्या मशीनला सव्वा-दीडकी शिकवली नव्हती व्हय?’

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. शीट उघडली नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

दिवस मोजण्याचा नियम. एआयनं काउंटइफ दिलं, कोड किती वेळा आला ते मोजणारं. पण ओळ म्हणजे दिवस नव्हे. सकाळ एक, संध्याकाळ एक, गाय-म्हैस दोन्ही असेल तर चार. ८० दिवस दोन्ही पाळ्या घातलेलीच्या १६० ओळी होतात आणि ती १५० च्या वर बसते. हे सांगितल्यावर त्यानं दुसरा फॉर्म्युला दिला, त्यानं लॅपटॉप पाऊण तास गोठला. तिसऱ्यांदा साधी युक्ती आली : कोड आणि तारखेनुसार लावून घे, आधीच्या ओळीत तोच कोड आणि तीच तारीख असेल तर ०, नाहीतर १, आणि त्या कॉलमची बेरीज. क्षणात झालं. १९ खाती पूर्णावरून निम्म्यावर आली.

ठरावाप्रमाणं बरोबर आहे. तरी त्या १९ जणींचे कोड बघताना बरं वाटलं नाही. त्यातल्या चौघींची म्हैस वर्षात मेली किंवा विकावी लागली, ते मला माहीत आहे. शीटला नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज सगळ्यात अवघड जागा. २५ पैसे जादा कुणाला?

आधी एसएनएफ. हातानं नोंदलेल्या चार दिवसांत फॅट आणि लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजायच्या नळीची) डिग्रीच आहे, एसएनएफ काढावं लागतं. एआयला विचारलं. त्यानं डिग्रीचा चौथा भाग, त्यात फॅटच्या ०.२ पट, त्यात ०.१४ असं दिलं, रिचमंडचं जुनं सूत्र. आमच्या भिंतीवरच्या तक्त्याचं सूत्र निराळं आहे, फॅटच्या ०.२५ पट आणि वर ०.४४. फरक किरकोळ वाटतो, पण २८ डिग्री आणि ६.५ फॅटचं दूध घ्या : पहिल्यानं ८.४४, दुसऱ्यानं ९.०७. म्हशीच्या दुधाला ९.० ही अन्नसुरक्षेच्या मानकातली किमान पातळी आहे. म्हणजे एकाच कॅनमधलं दूध एका सूत्रानं कमी प्रतीचं ठरतं, दुसऱ्यानं उत्तम. त्याला चूक म्हणता येत नाही, दोन्ही सूत्रं चालतात. पण आमची बिलं ज्या तक्त्यावर निघतात, फरकही त्याच तक्त्यावर निघाला पाहिजे. तक्त्याचे आकडे दिले, काम झालं.

मग फॅटची सरासरी. एआयनं ॲव्हरेजइफ्स दिलं. ७४ खाती पात्र ठरली. आकडा चांगला वाटला म्हणून पुढं जाणार होते, पण ठरवल्याप्रमाणं एक खातं हातानं करून बघितलं. कोड ४१, नमुन्याला एक दिवस :

सकाळी ५ लिटर, फॅट ६.२. संध्याकाळी २ लिटर, फॅट ७.२.

शीटची सरासरी ६.७. पात्र.

पण सकाळी फॅट निघालं ५ गुणिले ६.२, म्हणजे ३१. संध्याकाळी २ गुणिले ७.२, म्हणजे १४.४. मिळून ४५.४, भागिले ७ लिटर. ६.४९. अपात्र.

संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागते, कारण सकाळची धार आणि संध्याकाळची धार यातलं अंतर कमी असतं. दूध कमी, फॅट दाट. दोन्ही पाळ्यांना सारखं वजन दिलं की दोन लिटरची फॅट पाच लिटरच्या बरोबरीला बसते. लिटरचं वजन धरून काढलं तर पात्र खाती ६३. अकरा बाहेर.

त्या अकरांत माझी धाकटी जाऊ आहे.

एआयला विचारलं, यातली बरोबर कुठली? त्यानं दोन्हीचा अर्थ सांगितला. वजनी सरासरी दुधाची खरी प्रत दाखवते, साधी सरासरी प्रत्येक पाळीला समान मान देते, असं. ठरावात काय अभिप्रेत आहे ते समितीला विचारा, असंही लिहिलं. हे उत्तर मला पटलं. ठरावात ‘सरासरी’ एवढाच शब्द आहे आणि तो मीच लिहून घेतलाय. त्याचा अर्थ मी रात्री साडेदहाला एकटीनं ठरवायचा नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

समितीची बैठक. दोन्ही याद्या कोडसकट ठेवल्या, कोड ४१ चं गणित फळ्यावर मांडलं. शांतता झाली, कारण अकरांपैकी तिघी समितीत होत्या.

आक्का म्हणाल्या, ‘दूध संघाच्या टँकरला आपण दूध घालतो तेव्हा ते फॅट कुठली बघतात?’

सगळ्यांचं दूध एकत्र झाल्यावरची. टाकीत पाच लिटर आणि दोन लिटर मिसळतात तेव्हा ती सरासरी आपोआप लिटरच्या वजनानंच होते. आपल्याला पैसे त्या फॅटचे येतात. मग वाटायचे कुठल्या फॅटनं? यावर कुणी वाद घातला नाही. वजनी सरासरी, एकमतानं, कार्यवृत्तात गणितासकट. पुढच्या वर्षीच्या ठरावात शब्दच ‘लिटरच्या वजनानं सरासरी’ असा घालायचा.

घरी येऊन जावेला मीच सांगितलं. तिनं सकाळचं किती, संध्याकाळचं किती ते विचारलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, ‘सकाळच्या धारेला पेंड वाढवायला हवी.’

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. शीटची पूजा लॅपटॉपसकट झाली.

आज हातानं तपासणी. बारा खाती निवडली : तीन सगळ्यात मोठी, तीन सगळ्यात छोटी, तीन निम्म्या फरकाची, तीन ६.५ च्या अगदी काठावरची. एआयनं ‘कुठलीही बारा घ्या’ म्हटलं होतं. मी काठावरची घेतली, कारण चूक काठावर असते हे बिलं काढणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. बाराही जुळली.

एकूण : म्हैस ६,५५,२०६.००, गाय २,४५,५११.२०. निम्म्याच्या नियमानं वजा १८,२४०.६०. जादाचे अधिक २४,०७७.५०. देय ९,०६,५५४.१०. तरतुदीच्या आत.

८ ऑक्टोबर, बुधवार

पशुखाद्याच्या बाक्या वळत्या केल्या. पाच जणींची बाकी फरकापेक्षा जास्त होती, त्यांची रक्कम उणे दिसत होती. आक्कांच्या सांगण्यावरून त्यांना निम्मा फरक हातात आणि निम्मा बाकीत.

बँकेची यादी एआयशिवाय केली, खाते क्रमांक त्याला द्यायचे नाहीत हे ठरलेलंच. कॉलम आधी टेक्स्ट करून मगच नंबर चिकटवले. एक्सेल पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करतं आणि नंबरच्या सुरुवातीचं शून्य खातं. एकदा तसं झालं की मूळ नंबर परत मिळत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

यादी बँकेत दिली. प्रत्येकीसाठी चिठ्ठी काढली : म्हैस लिटर, गाय लिटर, दिवस, दर, जादा, बाकी, हातात येणारी रक्कम. चिठ्ठीचा मजकूर एआयनं लिहून दिला होता, पण त्यात ‘आपल्या अमूल्य योगदानाबद्दल’ वगैरे होतं. ते काढलं. बायकांना आकडे मोठ्या अक्षरात हवे असतात. २१४ चिठ्ठ्या मेल मर्जनं (एकाच नमुन्यात प्रत्येकीचे आकडे आपोआप भरणारी सोय) वीस मिनिटांत छापल्या. मेल मर्जही त्याच्याकडूनच शिकले.

वेळेचा हिशोब : तेरा रात्रींऐवजी शीटवर माझे सगळे मिळून साधारण अकरा तास. त्यातले चार तास तपासणीचे. गेल्या वर्षी तपासणीला वेळच उरला नव्हता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

सकाळी अकराला पैसे पडले. संध्याकाळच्या संकलनाला सगळ्या जरा लवकर आल्या. दारात गाय-वासराची पूजा, मग रांग. चिठ्ठ्या वाटल्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

कोड १३२ च्या मावशी चिठ्ठी घेऊन आल्या. सोबत वही. त्यांना लिहिता येत नाही, नात रोजचं दूध टिपते. ‘अडीच लिटर कमी हाय गं,’ म्हणाल्या. चिठ्ठीत १,०४३.५, वहीत १,०४६.

महिन्यामागून महिने लावत गेलो. जुलैला अडकलं. २७ जुलै, संध्याकाळ : वहीत २.५, शीटमध्ये ओळच नाही. रजिस्टर काढलं. मामांच्या अक्षरात स्वच्छ, १३२, २॥. टाइप करताना १२३ झालं होतं. त्या वेळचं बिल बरोबर गेलं, फरकात चुकलं. एकूण बेरीज लागली होती ना, लागणारच. दूध शीटमध्येच होतं, दुसरीच्या नावावर.

मावशींसमोरच एआयला विचारलं : एका कोडला एकाच तारखेला, एकाच पाळीत, एकाच प्रकारचं दूध दोनदा आलंय अशा ओळी कशा शोधायच्या? काउंटइफ्स आलं, हातानं टाइप केलेल्या १,३०९ ओळींवर लावलं. चार जोड्या सापडल्या. एक १२३ ची. दुसरीत खरोखरच दोन कॅन होते, रजिस्टरवर तशी नोंद आहे. उरलेल्या दोन्ही कोड उलटे पडल्याच्या. हा फॉर्म्युला आता शीटच्या पहिल्या पानावर ठेवलाय, बेरीज लावायच्या आधी चालवायचा.

मावशींना व्हाउचर केलं, साडेसात रुपये. अंगठा घेतला. बाकीच्या दोघींना उद्या सकाळच्या पाळीला सांगायचं आहे, आणि कोड १२३ ला चहा पाजून.